शेऱ्याचा रकाना

उसगावला बदली झाली तेव्हा चार्ज घेताना मला मिळालं
एक लोखंडी कपाट, सात किल्ल्या,
त्यातल्या दोन कशाच्याच नाहीत,
आणि केरकर सरांनी हळू आवाजात दिलेलं एक वाक्य:
"बाई, मागचे तीन बाक घाट्यांचे.
फार जीव लावू नका. रस्त्याचं काम संपलं की जातात."

मी मान हलवली.
हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण निरोप समारंभात कुणीतरी म्हणेल
बाईंनी आल्या दिवसापासून शाळा बदलली.
आल्या दिवशी मी मान हलवली होती.

पालकसभा शुक्रवारी, सकाळी दहाला.
पत्र्याच्या लाइनीतून कुणी येत नसे.
"या पालकांना आस्था नाही"
असं इतिवृत्तात आहे, दोन वर्षं, माझ्याच अक्षरात.
सकाळी दहाला डांबर उकळतं हे मला ठाऊक नव्हतं.
ठाऊक करून घेतलं नव्हतं, असं म्हणू.

तिसऱ्या जुलैत सहावीचा वर्ग कागदावर काढला,
कोण कुठं बसतं, कुणाचं घर कुठं.
पुढं बाजार आणि बँकेची कॉलनी,
मध्ये गावडे, वेळीप, दोन धनगर,
मागं लाइन.
आख्खं गाव बसलं होतं त्या खोलीत,
चढउतारासकट.

सभा रविवारी संध्याकाळी ठेवली, लाइनीतल्या नळापाशी.
फिलोमिना टीचरनी स्टुलं आणली, पण आया जमिनीवर बसल्या,
मग आम्हीही.
केरकर सर उभेच राहिले. पँटीला इस्त्री होती.

हेमली आईला घेऊन आली. मस्टरवर ती हेमलता.
मी म्हटलं, "आईला सांग, तुझी भाषा कच्ची आहे,
घरी सराव हवा."
तिनं आईला लमाणीत काहीतरी सांगितलं.
आईनं कन्नडात शेजारणीला विचारलं.
शेजारीण टँकरवाल्याशी भांडत होती,
तिथं कोंकणी अडली, तर हेमलीनंच चालता चालता शब्द पुरवला.
मग माझ्याकडे वळून, स्वच्छ मराठीत:
"आई विचारते, कुठली भाषा?"

प्रगतिपुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं.
शेऱ्याचा रकाना. भाषा कच्ची.
खाली सही. माझी.

त्यानंतर काही फार झालं नाही.
दर सोमवारी बाक फिरू लागले.
बँकेतले एक वडील आले, चहा घेतला,
आवाज चढवला, दुसरा चहा घेतला, गेले.
बाक फिरत राहिले.
केरकर सरांना "कृष्णप्पा" म्हणायला महिना लागला,
आधी "ए किट्ट्या" पुरे होतं.
आता म्हणतात, जोडाक्षरावर जरा थांबून,
पायरी नीट पाहून उतरावं तसं.

तो शब्द मात्र शाळेतून गेला नाही.
परवाच मुतारीमागं ऐकला,
ओडिशाहून नवीन आलेल्या पोराला उद्देशून.
देणारा हेमलीचा सख्खा भाऊ.
त्याला ऑफिसात बसवून घेतलं. काय बोलावं सुचेना.
दोघांनी मिळून जुन्या वह्यांचे गठ्ठे बांधले.

मे महिन्यात केरकर सरांचं खरं ठरलं.
रस्ता झाला. लाइन उठली.
हेमली दाखला न्यायला आली, पायात नवी चप्पल.
मस्टरवरचं नाव दाखल्यावर बदलता येत नाही,
मी कंसात हेमली लिहिलं. नियमात बसत नाही, बसवलं.
शेऱ्यात लिहिलं: चार भाषा येतात.
शिक्का थोडा वाकडा पडला.

तिनं कागद उभ्या उभ्या वाचला, घडी घातली,
परत उघडला.
"बाई, तिथल्या बाई हे वाचतील ना?"

केरकर सर कपाटाशी उभे होते, पाठमोरे,
कुठलीच नसलेली एक किल्ली
पुन्हा पुन्हा लावून बघत.